साइट केव्हा फिरवावी आणि केव्हा हात आवरावा

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन (पोटावर झोपून) प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स (गुडघ्यावर, झोपून आणि उभे राहून) प्रकारात ब्राँझपदक मिळवले. तेव्हापासून कोल्हापुरात रायफल हा नवलाचा विषय राहिलेला नाही. मुलांबरोबर आता त्यांचे आईवडीलही रेंजवर येऊन मागच्या खुर्च्यांवर बसतात, आणि मॉनिटरवर नऊचा आकडा उमटला की मागून दबक्या आवाजात सूचना येते, "अरे, साइट फिरव की." सूचना देणाऱ्याची कळकळ खरी असते. त्या क्षणी साइट फिरवणे योग्य असतेच असे मात्र नाही, आणि माझ्या अनुभवात बहुतेक वेळा ते चुकीचेच ठरते. साइट केव्हा फिरवायची हा निर्णय नेमका कशावर अवलंबून असतो, ते या लेखात समजावून सांगण्याचा प्रयत्न आहे.

आधी साइट म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. स्पर्धेच्या रायफलला पुढे एक गोल रिंग असते आणि मागे बारीक छिद्र असलेली पीप साइट असते. नेमबाज मागच्या छिद्रातून पाहतो, पुढची रिंग त्या छिद्राच्या मधोमध ठेवतो आणि त्या रिंगेच्या मधोमध टार्गेटचे काळे वर्तुळ बसवतो. मागच्या साइटला दोन नॉब असतात, एक वर-खाली करण्यासाठी आणि दुसरा डावी-उजवीकडे सरकवण्यासाठी. नॉब फिरवताना बोटाला जो टक्‌ असा खटका जाणवतो त्याला क्लिक म्हणतात. दोन्ही साइटमधले अंतर ८० सेंटिमीटर धरले आणि मागची साइट एका मिलिमीटरचा पन्नासावा भाग, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी, डावीकडे सरकली, तर ५० मीटरवर गोळी सव्वा मिलिमीटर डावीकडे लागते. एका क्लिकने किती फरक पडतो हे साइटच्या बनावटीनुसार बदलते. हिशेबाच्या सोयीसाठी आपण एक क्लिक म्हणजे कोनाच्या एका मिनिटाचा आठवा भाग धरू. हा फरक ५० मीटरवर सुमारे १.८ मिलिमीटर आणि १० मीटरवर सुमारे ०.३६ मिलिमीटर होतो.

हे आकडे लहान वाटतात, पण टार्गेटही तसेच बारीक असते. ५० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो आणि त्याबाहेरची गुणांची प्रत्येक रिंग ८ मिलिमीटर रुंदीची असते. गोळीची कड वर्तुळाला स्पर्शली तरी गुण मिळतात, त्यामुळे ५.६ मिलिमीटर व्यासाच्या गोळीचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत असेल तर दहा मिळतात. १० मीटर एअर रायफलमध्ये तर दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो आणि प्रत्येक रिंगेची रुंदी अडीच मिलिमीटर असते. दशांशात गुण मोजताना एअर रायफलमध्ये दर पाव मिलिमीटरला एक दशांश जातो, म्हणजे एका क्लिकला साधारण दीड दशांश.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. रायफल शिकंज्यात घट्ट बसवून, त्याच पेटीतल्या गोळ्या झाडल्या तरी सगळ्या एकाच भोकातून जात नाहीत. त्यात माणसाचा श्वास, नाडी, ट्रिगरवरचे बोट आणि खांद्याचा ताण मिसळला की गोळ्यांचा एक पुंजका तयार होतो, ज्याला रेंजवर ग्रुप म्हणतात. ग्रुपला दोन स्वतंत्र गुणधर्म असतात. तो किती पसरला आहे हा एक, आणि त्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून किती सरकला आहे हा दुसरा. साइटच्या नॉबचा अधिकार फक्त दुसऱ्यावर चालतो. पसरलेला ग्रुप कितीही क्लिक दिले तरी आवळला जात नाही. त्यासाठी पोझिशन, ट्रिगर, गोळ्या आणि सराव यांकडे वळावे लागते. एकट्या गोळीकडे पाहून मात्र ती पसरण्यामुळे बाजूला गेली की मध्य सरकल्यामुळे, हे ओळखता येत नाही, आणि सगळी अडचण तिथेच आहे.

एक उदाहरण घेऊ आणि सोयीसाठी फक्त डावी-उजवी बाजू पाहू. समजा एका नेमबाजाने साइटला हात न लावता पाच शॉट मारले आणि ते मध्यापासून अनुक्रमे ३ मिलिमीटर उजवीकडे, २ डावीकडे, ७ उजवीकडे, १ उजवीकडे आणि ६ उजवीकडे लागले. सरासरी काढली तर ग्रुपचा मध्य ३ मिलिमीटर उजवीकडे आहे आणि दोन टोकांमधले अंतर ९ मिलिमीटर आहे. आता हाच नेमबाज मागच्या खुर्चीवरची सूचना मानतो आणि प्रत्येक शॉटनंतर साइट फिरवून ती चूक पूर्ण दुरुस्त करतो असे समजा. पहिला शॉट ३ उजवीकडे गेला म्हणून त्याने साइट ३ डावीकडे घेतली. दुसरा शॉट मुळात २ डावीकडे जाणारच होता, तो आता ५ डावीकडे गेला. मग साइट ५ उजवीकडे घेतली, तर तिसरा शॉट ९ मिलिमीटर उजवीकडे जाऊन दहाच्या बाहेर पडला. याच रीतीने चौथा ६ डावीकडे आणि पाचवा ५ उजवीकडे जातो. ९ मिलिमीटरचा ग्रुप १५ मिलिमीटरचा झाला, एक दहा गेला, आणि शेवटी साइट ६ मिलिमीटर डावीकडे सरकून बसली, जेव्हा गरज फक्त ३ मिलिमीटरची होती.

असे होण्याचे कारण साधे आहे. प्रत्येक शॉटमागे साइट फिरवली की पुढच्या शॉटमध्ये त्याची स्वतःची चूक असतेच, शिवाय मागच्या शॉटची चूक उलट्या दिशेने त्यात येऊन मिळते. एकाच्या जागी दोन चुका एकत्र येतात. संख्याशास्त्राच्या भाषेत विचरण, म्हणजे पसाऱ्याचा वर्ग, दुप्पट होते, म्हणजे ग्रुपचा पसारा सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. कारखान्यांमध्ये गुणवत्ता कशी राखावी हे शिकवणारे अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग हीच गोष्ट टेबलावर नरसाळे आणि गोट्या घेऊन दाखवत असत. प्रत्येक गोटीमागे नरसाळे हलवणाऱ्याच्या गोट्या नरसाळे जागेवर ठेवणाऱ्यापेक्षा जास्त विखुरतात. आपल्याकडच्या गुऱ्हाळावरच्या गुळव्याला हे डेमिंग यांच्या आधीपासून ठाऊक असावे, कारण काहिलीतल्या एका बुडबुड्यावरून तो चुलवाणातला जाळ कमीजास्त करत नाही. पाक पाण्यात टाकून त्याची गोळी पुन्हा पुन्हा चाचपतो आणि मगच काहील उतरवायला सांगतो.

मग किती शॉटनंतर निर्णय घ्यावा? एका शॉटचा नेहमीचा पसारा ५ मिलिमीटर असेल, तर पाच शॉटच्या सरासरीत साधारण २.२ मिलिमीटरची आणि दहा शॉटच्या सरासरीत १.६ मिलिमीटरची अनिश्चितता राहते. शॉट चौपट केले की अनिश्चितता निम्मी होते. म्हणजे पाच शॉटची सरासरी एका क्लिकइतकी बाजूला दिसत असेल, तर तो निव्वळ योगायोगही असू शकतो. "सलग तीन शॉट उजवीकडे गेले, आता तरी फिरव" असे म्हणणाऱ्यांनी नाणेफेकीचा विचार करावा. साइट अगदी मध्यावर असली तरी सलग तीन शॉट कोणत्या तरी एकाच बाजूला जाण्याची शक्यता चारात एक असते, चार शॉटची आठात एक आणि पाच शॉटची सोळात एक. तीन शॉट एका बाजूला गेले हा पुरावा म्हणून दुबळा आहे. ते तिन्ही एकमेकांना चिकटून एकाच ठिकाणी, नेहमीच्या ग्रुपच्या बाहेर गेले असतील तर मात्र तो पुरेसा आहे.

साइटर शॉटच्या वेळी, म्हणजे गुण न धरल्या जाणाऱ्या सुरुवातीच्या शॉटच्या वेळी, आपण अजून साइटची योग्य जागा शोधत असतो, तेव्हा थोडी वेगळी रीत उपयोगी पडते. पहिल्या शॉटनंतर दिसलेली चूक पूर्ण दुरुस्त करावी, दुसऱ्यानंतर दिसलेल्या चुकीच्या निम्मी, तिसऱ्यानंतर एक तृतीयांश, चौथ्यानंतर एक चतुर्थांश. असे केल्याने साइट प्रत्येक वेळी आतापर्यंतच्या सगळ्या शॉटच्या सरासरीवर येऊन बसते. आपल्या उदाहरणातला नेमबाज दुसऱ्या शॉटनंतर ५ ऐवजी अडीच मिलिमीटरच उजवीकडे आला असता. प्रत्यक्षात कोणी अपूर्णांकात क्लिक देत नाही, पण पुढे जाताना दुरुस्ती लहान होत गेली पाहिजे एवढे लक्षात ठेवले तरी पुरते. एअर रायफलमध्ये मॅच शॉट एकदा सुरू झाले की पुन्हा साइटर मिळत नाहीत, म्हणून हे काम सुरुवातीच्या वेळातच नेटाने उरकावे लागते.

नेमबाजाकडे संख्याशास्त्रापेक्षाही मोलाचा एक पुरावा असतो, आणि तो म्हणजे कॉल. ट्रिगर सुटला त्या क्षणी रिंग कुठे होती हे नेमबाज मॉनिटरकडे पाहण्यापूर्वी स्वतःशी ठरवतो, जसे की "किंचित उजवीकडे, घड्याळातल्या तीनच्या दिशेला." मग मॉनिटर पाहतो. कॉल आणि शॉट जुळले, तर शॉट नऊचा असला तरी साइटला हात लावण्याचे कारण उरत नाही. साइटने आपले काम बरोबर केले आणि चूक धरण्यात किंवा ट्रिगरमध्ये झाली. कॉल मध्यावर असताना शॉट बाजूला गेला, आणि पुढच्या शॉटला तसेच पुन्हा घडले, तर आता काहीतरी खरोखर सरकले आहे असा संशय घ्यावा. म्हणूनच प्रामाणिक कॉल देणाऱ्याला दोन-तीन शॉट पुरतात आणि कॉल न देणाऱ्याला दहाही पुरत नाहीत. इलेक्ट्रॉनिक टार्गेटने या सवयीची बरीच हानी केली आहे असे माझे मत आहे. पडद्यावर शॉट इतका लगेच आणि इतका मोठा दिसतो की आपण काय पाहिले होते ते आठवण्याआधीच डोळा पडद्याकडे धावतो, आणि मग पडद्यावर जे दिसले तेच आपल्याला आधी दिसले होते असे मन सांगू लागते. पूर्वी दुर्बिणीकडे वाकून पाहावे लागे. त्या दोन सेकंदांत कॉल मनात पक्का होत असे.

मध्य सरकल्याचे पक्के झाले तरीही लगेच नॉबकडे जाऊ नये, कारण तो का सरकला हे अजून ठरलेले नसते. पहिला संशय स्वतःच्या पोझिशनवर घ्यावा. डोळे मिटून एक-दोन श्वास घ्यावेत, शरीर सैल सोडावे आणि मग डोळे उघडून पाहावे. रिंग काळ्या वर्तुळापासून बाजूला गेलेली दिसली, तर शरीर रायफलला एका दिशेने नेते आहे आणि आपण ती स्नायूंच्या जोराने मध्यावर ओढून आणतो आहोत. अशा वेळी पाय, कोपर किंवा कंबर सरकवून पोझिशन सुधारावी. त्याऐवजी क्लिक दिले, तर वीस मिनिटांनी स्नायू दमल्यावर ग्रुप पुन्हा तिसरीकडे जातो आणि आपल्याला दोन चुका निस्तराव्या लागतात. दुसरा संशय गालावर घ्यावा. चीकपीसवर, म्हणजे रायफलच्या गाल टेकवण्याच्या भागावर, गाल नेहमीपेक्षा जड किंवा हलका पडला की डोळा मागच्या छिद्राच्या मध्यावरून हलतो. रायफल उजवीकडे कलली असेल तर शॉट उजवीकडे आणि थोडे खाली जाऊ लागतात, त्यामुळे ग्रुप नेमका त्या कोपऱ्यात सरकला असेल तर आधी रायफलचा कल पाहावा. तिसरा संशय स्क्रूवर. साइटचा किंवा पुढच्या रिंगेचा स्क्रू ढिला असेल, तर तो दिवस क्लिकने सुधारणार नाही.

प्रकाश आणि वारा ही कारणे नेमबाजाच्या हाताबाहेरची आहेत, आणि तिथे साइट फिरवण्याला खरा अर्थ येतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात सकाळी लख्ख उघडीप असते आणि अर्ध्या तासात ढग असे उतरतात की उघड्या रेंजवर टार्गेट करडे दिसू लागते. डोळ्याची बाहुली मोठी होते, रिंग आणि काळे वर्तुळ यांच्यामधली पांढरी कडा वेगळी दिसू लागते आणि ग्रुप थोडा वर किंवा खाली सरकतो. तो किती आणि कोणत्या दिशेला सरकतो हे माणसागणिक आणि रायफलगणिक बदलते, म्हणून त्याचा तक्ता दुसऱ्याकडून उसना घेता येत नाही. ढगाळ दिवशी आपला ग्रुप कुठे गेला याची आपल्याच वहीतली नोंद उपयोगी पडते. प्रकाश बदलला आणि तसाच राहणार असे दिसले, तर एखादा क्लिक द्यावा. ऊन-सावलीचा खेळ चालू असेल तर देऊ नये, कारण क्लिक देईपर्यंत ऊन परत आलेले असते.

वाऱ्याचा परिणाम बहुतेकांच्या कल्पनेपेक्षा मोठा असतो. पॉइंट टू टूची, म्हणजे ०.२२ इंच कॅलिबरची, गोळी ५० मीटरवर सेकंदाला एक मीटर वेगाच्या आडव्या वाऱ्यात साधारण पाच-सहा मिलिमीटर सरकते, म्हणजे जवळजवळ पाऊण रिंग. हा वेग ताशी साडेतीन किलोमीटरच्या आसपास येतो आणि तो चेहऱ्यावर जाणवतही नाही, फक्त विंड फ्लॅगची रिबन थोडी हलते. बॅरलमधल्या आट्यांमुळे गोळी उजवीकडे फिरत जात असेल, तर उजवीकडून येणारा वारा तिला डावीकडे आणि किंचित वर नेतो, आणि डावीकडून येणारा वारा उजवीकडे आणि किंचित खाली. म्हणून वाऱ्याच्या दिवशी ग्रुप तिरका लांबट दिसला तर ट्रिगरला दोष देण्याआधी फ्लॅगकडे पाहावे.

वाऱ्यात नेमबाजासमोर तीन मार्ग असतात. थांबायचे, रिंग जाणीवपूर्वक थोडी बाजूला धरून शॉट घ्यायचा, किंवा साइट फिरवायची. वारा येतो-जातो असा असेल, तर त्यातली वारंवार येणारी एक स्थिती निवडावी, साइट त्या स्थितीला जुळवून ठेवावी आणि ती स्थिती परत येईपर्यंत थांबावे. हा मार्ग सर्वांत कमी चुकीचा आहे, फक्त घड्याळावर लक्ष हवे. वाऱ्याचा जोर थोडाच वाढला आणि तो टिकणार नाही असे वाटले, तर प्रोनमध्ये अनुभवी नेमबाज बाजूला धरून शॉट घेतो. नवख्याने ते करू नये असे मला वाटते, कारण मग कॉलचा अर्थच बदलतो. वाऱ्याने दिशा बदलली आणि पाच-सात मिनिटे फ्लॅग तसाच राहिला, तर मात्र साइट फिरवावी, आणि ती धीटपणे, फ्लॅगवरून अंदाज बांधून, पुरेसे क्लिक देऊन फिरवावी. या ठिकाणी पाच शॉटच्या सरासरीची वाट पाहणे चूक आहे, कारण ग्रुप का सरकला ते डोळ्यांसमोर दिसते आहे आणि वाट पाहण्यात पाच शॉट वाया जातात. आधीच्या सगळ्या हिशेबाला अपवाद तो हा.

किती काटेकोर राहावे हे स्पर्धेच्या प्रकारावरही अवलंबून असते. एअर रायफलच्या पात्रता फेरीत साठही शॉट दशांशात मोजले जातात. प्रत्येक शॉटमागे एक दशांश गेला तर एकूण सहा गुण जातात, त्यामुळे ग्रुपचा मध्य एका क्लिकने सरकलेला असणे तिथे महागात पडते. थ्री पोझिशन्सच्या पात्रता फेरीत मात्र गुण पूर्णांकात मोजतात, आणि १०.० आणि १०.८ यांची किंमत जवळजवळ सारखीच असते, फरक पडतो तो बरोबरी झाल्यावर. पॅरिसमध्ये कुसाळे यांनी पात्रता फेरीत ५९० गुण मिळवून सातव्या स्थानाने अंतिम फेरी गाठली. अंतिम फेरी दशांशांची होती आणि तिथे ४५१.४ गुणांनी पदक आले. एकाच दिवशीच्या सरावातही या दोन हिशेबांची सवय वेगवेगळी लावावी लागते. ग्रुप लहान असेल आणि दोन मिलिमीटर बाजूला असूनही दहाच्या आत बसत असेल, तर पूर्णांकाच्या मॅचमध्ये मी साइटला हात लावत नाही. थ्री पोझिशन्समध्ये नीलिंग, प्रोन आणि स्टँडिंग या तिन्हींसाठी साइटची जागाही वेगळी असते, कारण गाल, खांदा आणि रायफलचा आधार बदलतो. तो फरक आधीच वहीत लिहिलेला असावा आणि पोझिशन बदलल्याबरोबर, साइटर मारण्यापूर्वीच, तेवढे क्लिक देऊन ठेवावेत.

राहता राहिली नॉब कोणत्या दिशेला फिरवायचा ही बाब, जी क्षुल्लक वाटते आणि मॅच घालवते. अनेक जर्मन बनावटीच्या साइटवर अक्षरे शॉट कुठे गेला त्यानुसार असतात. शॉट वर गेला तर "एच"कडे (जर्मन "होख", म्हणजे वर) फिरवायचे, आणि ग्रुप खाली येतो. इतर काही साइटवर बाण ग्रुप कुठे न्यायचा आहे ते दाखवतो, म्हणजे नेमके उलट. अनेक वर्षांपूर्वी एका स्पर्धेत मी उसनी रायफल घेऊन उतरलो होतो आणि उजवीकडे गेलेला ग्रुप आणखी चार क्लिक उजवीकडे नेला. परिणाम पाहून दिशा बरोबरच आहे, क्लिक कमी पडले, असे समजून पुन्हा दोन दिले. त्यानंतर माझ्या प्रत्येक साइटवर पांढऱ्या रंगाचा ठिपका आणि बाण असतो. जुन्या साइटमध्ये दिशा उलटताना नॉब थोडा सैल फिरतो आणि पहिला क्लिक वाया जातो. त्यामुळे दिशा बदलताना दोन क्लिक पुढे जाऊन मागे यावे, म्हणजे स्क्रू नेहमी एकाच बाजूने दाबून बसतो. दिलेला प्रत्येक क्लिक वहीत लिहावा, शॉटच्या क्रमांकासह आणि कारणासह. "शॉट २३, दोन क्लिक डावीकडे, वारा फिरला" अशी ओळ पुढच्या महिन्यात उपयोगी पडते. कारणाची जागा रिकामी राहिली असेल, तर ते क्लिक बहुधा काढून टाकावे लागतात.